तारेवरचा परका शर्ट

हे तुम्हाला सांगावं की सांगू नये, ह्या विचारात माझा अर्धा चहा थंड झाला बघा. पण शेजारच्या कमळावहिनींकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं. वहिनी सांगतात त्यात मी फार खुळा दिसतो. मी सांगतो त्यातही खुळाच दिसतो, पण निदान कारण तरी कळतं.

तर, मी एका शर्टावर संशय घेतला. माणसावर नव्हे, शर्टावर. आतला माणूस कोण ते कळत नव्हतं, तीच सगळी पंचाईत होती.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. मच्छेला एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला असतो. लेथवरून जॉब, म्हणजे कातलेला भाग, आला की तो बरोबर असेल असं धरून चालायचं नाही, हा आमच्या खात्याचा पहिला नियम. गेज लावायचा, मायक्रोमीटर लावायचा, उजेडात धरून फिरवून बघायचा, आणि पास करतानासुद्धा मनात थोडी शंका शिल्लक ठेवायची. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाचं काय होणार? बाजारात दोडका घेतला तरी मी तो डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघतो. शालन, म्हणजे माझी बायको, अजून सांगते, "मला बघायला आलासा तवा वाटलं, आता खिशातनं पट्टी काढून नाक मोजणार."

येळ्ळूरला आमचं घर. मुलगी शिकायला कोल्हापूरला, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. पुढं रस्ता, मागं परडं. परड्यात गोठा, धुण्याचा दगड, शेवग्याचं झाड आणि कपडे वाळत घालायची तार. हे सगळं तिथं आहे एवढं मला माहीत होतं. मी तिकडं फारसा जात नसे. म्हैस शालनची, धुणं शालनचं, शेवगाही शालनचाच.

माझं म्हणजे फोटो. म्हणजे मी काढतो कमी, बघतो जास्त. मोबाईल आल्यापासून हा नाद लागला. आणि त्यात मला देव भेटला तो शिवगोंडा मास्तर. मास्तर सदलग्याचे. हायस्कूलला चित्रकला शिकवायचे, रिटायर झाल्यावर कॅमेरा घेऊन गावोगाव फिरू लागले. फोटो काढायचे ते फक्त काळे-पांढरे, आणि त्यात माणूस कधीच नाही. माणसाची वस्तू. निपाणीच्या वखारीत भिंतीला टेकवून ठेवलेल्या तंबाखूच्या चाळण्या. सलूनमधली रिकामी खुर्ची आणि तिच्या हातावर टाकलेला टॉवेल. बसस्टँडच्या बाकावर कुणीतरी विसरून गेलेली छत्री. त्या छत्रीचा फोटो मी इतक्या वेळा बघितला होता, की ती विसरणारा माणूस मला ओळखीचा वाटायला लागला होता. मास्तर स्वतःचा फोटो मात्र कुठं टाकायचे नाहीत. त्यांचं तोंड मी कधी बघितलेलं नव्हतं.

कारखान्याच्या कँटीनमध्ये ह्यावरून माझी रोज वादावादी. कुणाला तळ्यावरचे लाल पक्षी आवडायचे, कुणाला सूर्यास्त. "बटण दाबलं की फोटो आला, त्यात कला कसली?" असं कुणी म्हटलं, की माझी भाकरी तशीच राहायची. मी त्यांना समजावून सांगायचो, की बाबांनो, रंग हा वस्तूचा मेकअप आहे. तो उतरवला की खरी वस्तू दिसते. हे वाक्य मला इतकं आवडायचं, की मी ते कधी कधी वाद नसतानाही म्हणायचो.

आणि त्या मास्तरांचं प्रदर्शन बेळगावात भरलं. टिळकवाडीतल्या एका हॉलात, एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत. पहिल्याच दिवशी मी निघालो. शालनला म्हटलं, "चल की."

"तुम्ही जावा," ती म्हणाली. "मला आज धुणं हाय."

हॉल थंडगार आणि शांत. भिंतीवर मास्तरांचे फोटो ओळीनं. माझ्या छत्रीसमोर मी हात जोडून उभा राहिलो, तर शेजारी कॉलेजच्या दोन मुली आल्या. त्यातली एक म्हणाली, "सर, ह्यात नेमकं काय बघायचं असतं?"

मला कुणी सर म्हणत नाही. कारखान्यात 'ओ इन्स्पेक्शन' म्हणतात. मी खाकरलो आणि सुरू झालो. छत्री सांगितली, खुर्ची सांगितली, चाळण्यांच्या भोकांतून येणारा उजेड सांगितला. मुली माझ्या मागून एकेक फोटो सरकत होत्या. मागून आणखी कुणी कुणी येऊन उभं राहिलं. त्यांना वाटलं, मला हॉलवाल्यांनीच नेमलंय.

शेवटच्या भिंतीवर सगळ्यांत मोठा फोटो होता. खाली कन्नड, मराठी आणि इंग्रजीत नाव लिहिलेलं. मराठीत एकच शब्द, 'दोघं'.

एक तार. तारेवर एक साडी आणि तिच्या शेजारी एक शर्ट. वारं सुटलेलं. शर्टाची बाही उडून साडीच्या पदरावर पडलेली, अगदी खांद्यावर हात टाकावा तशी.

"बघा," मी म्हणालो, आणि माझा आवाज भरून आला. "इथं माणूस नाही, पण प्रेम आहे. ही बाही बघा. किती हक्कानं टाकलीय. त्या साडीनं अंग चोरलेलं नाही, बघितलंत? ह्या बाईचं ह्या माणसावर जे काही आहे, ते आपल्याला दिवाणखान्यात कधी दिसणार नाही. ते परड्यातच दिसतं."

एका मुलीनं वहीत लिहून घेतलं. मी आणखी पुढं वाकलो, की अजून काही सापडतंय का बघावं.

तारेखाली बादली होती. बादलीची कडी मोडलेली, तिच्या जागी तार, आणि हाताला लागू नये म्हणून तारेवर नळीचा तुकडा. तो तुकडा कारखान्यातून मीच आणलेला. बादलीमागं दगड. दगडाचा कोपरा उडालेला. तो बसवताना पहार घालून मीच उडवलेला. आणि साडी इरकल, पदरावर देवळाच्या शिखरांसारखी नक्षी, मधे एका जागी रफू. साडी शालनची होती.

माझ्या परड्याचा फोटो. माझ्या मास्तरांनी काढलेला. अंगावर काटा आला माझ्या. आता मागं वळून सगळ्यांना सांगणार, की हे आमचं परडं, ही आमची बादली. तेवढ्यात माझी नजर शर्टावर गेली.

शर्ट साधा होता. एकरंगी. त्याच्यावर चौकडी नाही, रेघ नाही, ठिपका नाही.

आता तुम्ही मला इतकी वर्षं बघताय. माझ्या अंगावर चौकडीशिवाय दुसरा शर्ट कधी बघितलाय? शालनला चौकडी आवडते. लग्नापासून माझे कपडे तीच आणते, आणि ती चौकडीच आणते. आमच्या घरात एकरंगी शर्ट नाही. कधी नव्हता.

मागून मुलगी म्हणाली, "सर, बाहीबद्दल सांगत होता ना?"

"बाही..." मी म्हणालो. "वाऱ्यानं उडाली असेल."

"पण तुम्ही म्हणालात, हे प्रेम आहे."

"तसं लगेच सांगता येत नाही," मी म्हणालो. "चौकशी केली पाहिजे."

मोबाईलवर मी त्या फोटोचा फोटो घेतला. दारावरच्या माणसाला विचारलं, तर मास्तर शेवटच्या रविवारी येणार होते. म्हणजे मधे अख्खा आठवडा.

घरी आलो. शालन तांदूळ निवडत बसली होती.

"कसं होतं?"

"चांगलं होतं."

"मग तोंड का असं?"

"ऊन लागलं."

"हॉलात?"

मी सरळ मागच्या दारानं परड्यात गेलो. बादली होती, दगड होता. तारेवर माझे शर्ट वाळत होते, सगळे चौकडीचे. शालन मागून आली.

"काय पायजे?"

"काही नाही. परडं बघतोय."

"आज?"

मी तारेवरून हात फिरवत अगदी सहज विचारलं, "मी कामावर असताना इकडं कोण येतं गं?"

"लई जण येत्यात."

"कोण कोण?"

"कावळं येत्यात. कमळाआक्काच्या कोंबड्या येत्यात. परवा मुंगूस आलतं."

"शर्ट घालून कोण येतं?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "कोंबड्या न्हाय घालत," आणि आत गेली.

आता ह्या उत्तरात सरळ नकार आहे का? नाही ना? मीही तेच धरलं. उत्तर टाळलं, म्हणजे जॉबमध्ये खोट आहे.

ती म्हशीला वैरण घालायला गेल्यावर मी कपाट उलथंपालथं केलं. एकरंगी शर्ट नाही. ट्रंकेत नाही, गादीखाली नाही. मग मी माझ्या पद्धतीनं कामाला लागलो. बादलीची उंची टेपनं मोजली. फोटोतली बादली मोबाईलवर मोजली. त्यावरून प्रमाण काढलं आणि शर्टाची छाती, बाही, लांबी सगळं कागदावर मांडलं. हिशेब दोनदा तपासला. तो माणूस बरोबर माझ्याच अंगाचा निघाला. तेवढीच उंची, तेवढंच पोट. मला त्याचाही राग आला. परकाच निवडायचा होता तर निदान जरा बारीक तरी निवडायचा.

मग मी गावात माझ्या अंगाची माणसं शोधू लागलो. फार लांब जावं लागलं नाही. शेजारी भैरू. शाळेपासूनचा माझा दोस्त. पोट माझ्याइतकं, उंची माझ्याइतकी, आणि शर्ट सगळे पांढरे, एकरंगी. शिवाय माझी सेकंड शिफ्ट असली की आमच्या म्हशीला पाणी दाखवायला येणारा तोच. आणि त्याला ये म्हणून कुणी सांगितलं होतं? मीच.

त्या आठवड्यात भैरू जेवढ्या वेळा भेटला तेवढ्या वेळा मी त्याच्या बाहीकडं बघितलं. तो "काय परशराम, बरं हाय न्हवं?" म्हणाला, तरी मला वाटायचं, हा एवढ्या काळजीनं का विचारतोय?

शेवटी एका दुपारी फर्स्ट शिफ्ट करून आलो आणि भैरूच्या परड्याच्या कुडावरून पलीकडं गेलो. तारेवर त्याचा शर्ट होता. मी टेप लावला. छाती जुळली. बाहीला लावणार, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"भावजी, आमच्या शर्टाला काय करालायसा?"

भैरूची बायको, कमळावहिनी. हातात घमेलं.

"काही नाही वहिनी. असाच शिवून घ्यावा म्हणतोय."

"असला? ह्यो पाठीवर फाटलाय की."

"माप तेवढं घेतो."

"ह्यांचं माप? तुमचं अंग कुठं गेलं?"

मला खोटं बोलता येत नाही हो. म्हणजे येतं, पण दुसऱ्या प्रश्नापर्यंतच. तिसऱ्याला मी मोबाईल काढून वहिनींच्या हातात दिला. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं.

"ही तर शालनआक्काची साडी."

"व्हय."

"आणि शर्ट?"

"तेच शोधतोय."

वहिनींनी एकदा मोबाईलकडं बघितलं, एकदा तारेवरच्या शर्टाकडं. बाही उडत होती. घमेलं खाली ठेवून त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "भावजी, तुम्ही घरला जावा."

मी घरी गेलो. भैरू शेतातून आला आणि थोड्या वेळानं त्यांच्या घरातून भांडी पडल्याचे आवाज येऊ लागले. शालन म्हणाली, "कमळाआक्का आज भांडी लई आपटालीत." मी म्हटलं, "असेल काही."

दिवेलागणीला भैरू आमच्या कट्ट्यावर येऊन बसला. कपाळावर टेंगूळ होतं.

"परशराम," तो म्हणाला, "मी तुझ्या म्हशीला पाणी पाजलं. त्यात माझं काय चुकलं ते सांग."

मी फोटो दाखवला. त्यानं मोबाईल घेतला, चष्मा लावला, मोठं करून बघितलं. मग स्वतःच्या शर्टाचा खिसा माझ्यासमोर धरला. खिसा खाली लोंबत होता.

"ह्यात काय असतंय माझ्या?"

"तंबाखू नि चुन्याची डबी."

"माझा एक तरी शर्ट असा हाय, ज्येचा खिसा लोंबत न्हाय? धुतला तरी लोंबतोय. आणि ह्या फोटोतला खिसा बघ. सपाट."

मी बघितला. सपाटच होता. पुरावा पक्का होता. मी भैरूला पास केलं. त्याची माफीही मागितली. पण तो तिथंच बसून राहिला.

"आणि ह्यो फोटोवाला आत कसा आला रं? रस्त्याची मोजणी करणारा असंल बघ. आधी परड्याचा फोटो काढत्यात, मग नोटीस येत्या."

"छे रे. तो मोठा कलावंत आहे."

"कलावंत असू दे. फोटो गोठ्याच्या बाजूनं काढलाय. म्हंजे तो गडी फाटकातनं आत येऊन उभारलाय. कुणीतरी आत घेतल्याबिगर?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी शर्टाच्या मागं लागलो होतो, आणि फोटो काढणाऱ्याकडं माझं लक्षच नव्हतं. मग सगळं उलगडत गेलं. मास्तर फोटोत माणूस घेत नाहीत, पण वस्तू माणसाची घेतात. मग हा शर्ट स्वतः मास्तरांचाच नसेल कशावरून? सदलग्याहून एवढ्या लांब आले, घामाघूम झाले, शर्ट काढला, कुणीतरी धुऊन दिला, वाळत घातला, आणि वाळेपर्यंत त्यांनी फोटो काढला. नाव दिलं 'दोघं'.

आठवड्याचे उरलेले दिवस मला जेवण गेलं नाही. शालनवर संशय आला होता तेव्हा राग होता. पण मास्तरांवर आला तेव्हा मला वाईट वाटलं. आता ती छत्री मी कुठल्या तोंडानं बघू? मोबाईल काढायचो आणि परत खिशात ठेवायचो. शालन अधूनमधून माझ्याकडं बघायची. एकदा म्हणाली, "काय दुखतंय काय?" मी म्हटलं, "न्हाय." ती म्हणाली, "बरं." ह्यापुढं काही विचारलं नाही. ती विचारत नाही, ह्याचाही मला संशय आला.

रविवार उजाडला. मी मास्तरांना जाऊन समोरासमोर विचारणार, असं भैरूला सांगितलं होतं. तो म्हणाला, मी टेम्पो काढतो. कमळावहिनी म्हणाल्या, मी येणार, माझ्या नवऱ्याचं नाव आलतं त्यात. आणि मी अंघोळ करून बाहेर आलो, तर शालन इरकल नेसून तयार.

"तू कुठं?"

"परदर्शनाला. तुम्हीच म्हणालतासा, चल की."

"आणि म्हैस?"

"म्हशीला बघायला माणूस सांगितलाय. ह्यो शर्ट घाला, इस्त्री केलाय."

घातला. तांबड्या-हिरव्या मोठ्या चौकडीचा, दिवाळीला आणलेला. टेम्पोत पुढं भैरू आणि दोन्ही बायका, मागं रिकाम्या क्रेटांबरोबर मी. केबिनच्या मागच्या काचेतून दिसत होतं, शालन आणि वहिनी एकमेकींच्या कानाला लागून हसत होत्या. जिच्या नवऱ्यावर संशय होता ती आणि जिच्यावर संशय होता ती, दोघी मिळून हसतात म्हणजे काय? वडगावपर्यंत मी त्याचा अर्थ लावत होतो.

हॉलात शेवटचा दिवस म्हणून गर्दी होती. मोठ्या फोटोजवळ एक किरकोळ म्हातारा उभा होता. डोक्यावर टोपी, गळ्यात कॅमेरा. हेच मास्तर. आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. पाया पडावं की गचांडी धरावी, ते ठरत नव्हतं.

तेवढ्यात त्यांनीच हात जोडले. मला नव्हे, शालनला.

"अरे वा, तुम्ही आलासा की. बरं झालं," मास्तर म्हणाले. "तुमच्या ताकाची चव अजून हाय बघा जिभेवर."

ताक. मी भैरूकडं बघितलं. भैरूनं माझ्याकडं बघितलं.

मी पुढं झालो. पोटाचा हिशेब आठवला. मास्तरांच्या अंगात तो शर्ट घातला असता तर आत आणखी एक मास्तर मावले असते. म्हणजे शर्ट त्यांचा नव्हता. मग कुणाचा?

"मास्तर," मी म्हणालो, "मी तुमचा लई मोठा चाहता आहे. एवढंच विचारायचं आहे. हा शर्ट कुणाचा?"

आवाज जरा मोठाच झाला असणार. आजूबाजूची माणसं वळली. मास्तरांनी चष्मा वर केला. माझ्याकडं बघितलं, फोटोकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं.

"तुमचाच की ओ," ते म्हणाले. "घालून आलाय की."

मी खाली बघितलं. तांबडी-हिरवी चौकडी.

"हा चौकडीचा आहे," मी म्हणालो. "तो एकरंगी आहे."

मास्तर हसले नाहीत. चांगल्या शिक्षकाप्रमाणं त्यांनी माझा मोबाईल मागितला, मला उजेडात उभं केलं आणि फोटो काढला. मग बोटानं त्यातला रंग काढून टाकला आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

त्यात मी होतो. अंगात एकरंगी, साधा, राखाडी शर्ट. कुठं चौकडी नाही, रेघ नाही.

"हा तांबडा आणि हा हिरवा, दोन्ही सारखेच गडद आहेत," मास्तर म्हणाले. "रंग काढला की दोन्हींचा करडा एकच होतो. चौकडी राहणार कुठं? मला हेच आवडलं म्हणून फोटो काढला. एवढा भडक शर्ट, आणि रंग गेल्यावर किती सालस वाटतो बघा."

मी बटणं बघितली. खिसा बघितला. सपाट होता. छाती, बाही, लांबी मला मोजायची गरज नव्हती. माझ्या अंगाचा माणूस मला सापडला होता.

"ह्यांनी तवाच मला दाखवलंतं कॅमेऱ्यात," शालन म्हणाली. "मीच इचारलं, आमच्या ह्यांची चौकडी कुठं गेली म्हणून."

"तुला माहीत होतं?"

"मला समदं माहीत हाय. कमळाआक्का भांडी आपटल्याच्या दुसऱ्याच दिवशी येऊन इचारून गेली. म्हणून तर आज ह्योच शर्ट इस्त्री केला."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. भैरू टेंगूळ चोळत दुसऱ्या फोटोकडं बघायला लागला.

"मग तेव्हाच मला सांगायचं नाही?" मी म्हणालो. "माझ्या घरी शिवगोंडा मास्तर येऊन गेले, ताक पिऊन गेले, आणि मला पत्ता नाही?"

"सांगितलं की," शालन म्हणाली. "त्याच सांजंला सांगितलं. एक सदलग्याचं म्हातारं मास्तर आलतं, आपल्या धुण्याचा फोटो काढून गेलं, शर्टवाल्याला भेटायचं म्हणून लई वेळ थांबलतं. तुम्ही मोबाईलमधे डोकं घालून बसलातासा. म्हणालासा, जरा गप बस, मास्तरांचा छत्रीचा फोटो बघालोय."

हॉलातली माणसं हसली. मास्तर तेवढे हसले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे. छत्री चांगली आलीय माझी."

परत येताना शालननं मला टेम्पोत पुढं बसायला सांगितलं नाही. मी मागं क्रेटांत. घरी आल्यावर मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, चुकलं माझं. तुझ्यावर संशय घ्यायला नको होता. तिनं आधी म्हशीची धार काढली, दूध ठेवलं, चुलीपुढं बसली. मग म्हणाली, "संशयाचं एवढं काय न्हाय. तुमचा सोभावच हाय त्यो. पण सोताचा शर्ट वळकू येईना म्हणजे कमाल झाली. घरात काय हाय न्हाय ते तरी बघत जावा."

मी ठरवलं, आता बघायचं. फोटो बघणं थोडं कमी केलं. सुट्टीच्या दिवशी परड्यात जाऊ लागलो. वाळलेलं धुणं काढायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं, म्हणजे तारेवर काय असतं ते आपल्या डोळ्यांखालून जाईल. शालनलाही बरं वाटलं असावं. एकदा चहाही परड्यात आणून दिला.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. धुणं काढताना तारेवर एक शर्ट दिसला. पांढराशुभ्र, एकरंगी. काळ्या-पांढऱ्या फोटोत नव्हे, खराखुरा, दिवसाउजेडी. मी मोजमाप घेतलं नाही. कुणाला एक शब्द विचारला नाही. संशय घ्यायचा नाही, असं ठरलेलं होतं ना? पांढरा शर्ट म्हणजे भैरूचा, वाऱ्यानं कुडावरून इकडं आला असणार. नीट घडी घातली आणि त्याच्या घरी नेऊन दिला. वहिनी घरी नव्हत्या. भैरूनं काही न विचारता ठेवून घेतला. मला मोठं मन झाल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी शालन परड्यातून आत आली.

"अवो, तारेवरचा पांढरा शर्ट कुठं ठेवलासा?"

"का?"

"चौकडीनं एवढा घोळ झाला, म्हणून तुम्हाला बिनचौकडीचा आणलता. खळ जावी म्हणून धुऊन टाकलता. उद्या सणाला घालायचा."

मी काही बोलणार, एवढ्यात पुढच्या रस्त्यावरून भैरू चालला होता. पांढराशुभ्र नवा शर्ट, खिशात तंबाखू आणि चुन्याची डबी, खिसा आधीच लोंबायला लागलेला. आमच्याकडं बघून त्यानं हात केला.

"बघ शालन," मी म्हणालो, "भैरूला किती बरोबर बसलाय."